क्रोशाची जाळीदार शाल: पहिल्या कड्यापासून शेवटच्या पिकोपर्यंत

आपल्याकडे क्रोशाची सुई बहुतेकींच्या हातात येते ती रुखवताच्या निमित्ताने. ताटावरचा रुमाल, तांब्यावरचं झाकण, दाराचं तोरण. बारीक सुती दोरा, त्याहून बारीक पोलादी सुई आणि घट्ट हात. त्या कामाला घट्ट हातच लागतो, कारण रुमाल ताठ बसायला हवा आणि त्याची नक्षी हलता कामा नये. मीही मावशीकडून असंच शिकले आणि तोच हात घेऊन आईसाठी पहिली शाल विणायला बसले. टाके एकसारखे आले, कुठे चूक नव्हती. पण आईच्या खांद्यावर ती पुठ्ठ्यासारखी उभी राहिली, अंगावर पडेचना. मग सगळी उसवली आणि तीच लोकर आधीपेक्षा दीड मिलिमीटर जास्त जाड सुईने पुन्हा विणली. धुऊन, ताणून वाळवल्यावर ती शाल झाली.

त्या उसवण्यातून जे कळलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. जाळीदार शालीत दोऱ्याइतकंच काम मोकळ्या गाळ्यांचं असतं. ते गाळे मोकळे राहावेत म्हणून जाड सुई घ्यायची, हात सैल ठेवायचा आणि शेवटी शाल नीट ताणून वाळवायची. या तिन्हीत रुखवताच्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात.

आपण विणणार आहोत ती त्रिकोणी शाल. ती मानेच्या मध्यापासून सुरू होते आणि दोन्ही बाजूंना वाढत जाते. त्रिकोणाच्या मधोमध पिंपळाच्या पानासारखी एक शीर दिसते. या रचनेची मोठी सोय म्हणजे आधी शंभर-दीडशे साखळ्या मोजाव्या लागत नाहीत. सुरुवात चार साखळ्यांनी होते आणि हवी तितकी मोठी झाली की थांबता येतं.

लोकर आणि सुई

दुकानात ‘४ प्लाय’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्या लोकरी एका जाडीच्या नसतात. म्हणून प्लायपेक्षा वेष्टनावरचे मीटर बघा. १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर दोरा असेल, तर ती लोकर या शालीला योग्य. वजनावर सुटी लोकर घेतली असेल तर २० मीटर मोजून स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. ५ ग्रॅमच्या आसपास भरली तर तुमचं माप बरोबर आहे.

खाली दिलेल्या मापाच्या शालीला साडेतीनशे ते चारशे मीटर दोरा लागतो. मी ५०० मीटर घेऊन बसते. रंगवलेल्या लोकरीची पुढची खेप किंचित वेगळ्या छटेची निघू शकते, आणि जाळीत तो फरक लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून सगळ्या लडी एकाच वेळी, वेष्टनावरचा रंगाचा खेप क्रमांक जुळवून घ्या.

धागा कोणता घ्यावा? माझं स्पष्ट मत मेरिनो किंवा तत्सम मऊ लोकरीच्या बाजूने आहे. लोकर ओली करून ताणली आणि तशीच वाळू दिली की ती आकार धरून राहते, आणि जाळीला नेमकं हेच हवं असतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण मानेजवळ घ्यायच्या जाळीसाठी ती फार खरखरीत आहे. सुती धागा मुंबई-कोकणच्या हवेला बरा, मात्र तो जड असतो आणि शाल स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. तेव्हा सुती शाल चार-सहा ओळींनी लहानच ठेवा. ॲक्रिलिक स्वस्त आणि घरच्या धुण्याला सोपं, फक्त ते पाण्याने आकार धरत नाही. त्याचा वेगळा उपाय पुढे सांगते.

सुई ५ मिलिमीटरची. एवढ्या बारीक लोकरीला दुकानदार ३ किंवा साडेतीनची सुई काढून देईल, आणि स्वेटरसाठी तो सल्ला चुकीचाही नाही. शालीसाठी मात्र ५ चीच मागा. तुमचा हात मुळात घट्ट असेल तर साडेपाचची. याशिवाय दोन सेफ्टी पिना, कात्री, मोजपट्टी आणि लोकर ओवायची बोथट टोकाची सुई एवढं पुरे.

टाके तीनच

साखळी तुम्हाला येतेच. फक्त ती सुईच्या जाड भागावर बनू द्या, टोकाजवळच्या निमुळत्या भागावर नको. साखळी घट्ट झाली की पूर्ण शाल आकसते.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, दोरा बाहेर ओढा, सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा.

खांब: आधी सुईला दोऱ्याचा एक वेढा द्या, मग सुई घालून दोरा बाहेर ओढा. आता सुईवर तीन फास आहेत. दोरा घेऊन दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. पहिल्यांदा दोरा बाहेर ओढताना तो थोडा उंच ओढायचा, म्हणजे खांब सडसडीत आणि उंच होतो. शालीचा झोळ बराचसा या एका सवयीवर ठरतो.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकन पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब आणि ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पद्धतीत मुक्या खांबालाच ‘डबल’ म्हणतात आणि खांबाला ‘ट्रेबल’. एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्याने कितीतरी जणींची नक्षी बिघडते. नमुना कुठला आहे ते आधी पाहा. आपले मराठी शब्द या बाबतीत स्वच्छ आहेत: खांब तो खांब.

या शालीत सतत येणारी गोष्ट म्हणजे ‘व्ही’. एकाच गाळ्यात १ खांब, १ साखळी, १ खांब. खाली एकत्र, वर फाकलेले.

पहिल्या तीन ओळी

या तीन ओळी शांतपणे विणा. पुढच्या सगळ्या ओळी यांच्यातूनच निघतात.

कडं: ४ साखळ्या घाला. पहिल्या साखळीत सुई घालून दोरा ओढा आणि थेट सुईवरच्या फासातून काढा (ही स्लिप स्टिच). छोटं कडं तयार झालं.

ओळ १: ४ साखळ्या. यातल्या ३ म्हणजे कडेचा खांब आणि चौथी म्हणजे कडेचा गाळा. हे गणित शेवटपर्यंत राहील. आता कड्यातच १ व्ही, २ साखळ्या, १ व्ही, १ साखळी, १ खांब. मधल्या दोन साखळ्यांचा गाळा ही शालीची शीर. तिथे सेफ्टी पिन अडकवा. काम उलटवा.

ओळ २: ४ साखळ्या. लगेच खालच्या कडेच्या गाळ्यात १ व्ही, १ साखळी. मधल्या गाळ्यात १ व्ही, २ साखळ्या, १ व्ही. मग १ साखळी, दुसऱ्या कडेच्या गाळ्यात १ व्ही, १ साखळी. शेवटी खालच्या ओळीच्या चार साखळ्यांपैकी तिसऱ्या साखळीत १ खांब. पिन वरच्या मधल्या गाळ्यात सरकवा. उलटवा.

ओळ ३: ४ साखळ्या, कडेच्या गाळ्यात १ व्ही, १ साखळी. दोन व्हींच्या मधल्या गाळ्यात १ व्ही, १ साखळी. मधल्या गाळ्यात १ व्ही, २ साखळ्या, १ व्ही. तिथून पुढे आलात तसंच उलट क्रमाने: १ साखळी, गाळ्यात व्ही, १ साखळी, कडेच्या गाळ्यात व्ही, १ साखळी, तिसऱ्या साखळीत खांब.

झालं. यापुढची प्रत्येक ओळ म्हणजे तिसरीच ओळ, फक्त मधले गाळे वाढत जातात.

मोजायची सोपी खूण अशी: ओळ जितकावी, तितके व्ही शिरेच्या एका बाजूला. सातव्या ओळीत डावीकडे ७ आणि उजवीकडे ७. विसाव्यात २० आणि २०. शिरेपाशी पोहोचलात की मोजा. एक जरी कमी भरला तरी ओळ संपायची वाट न बघता तिथेच उसवा. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो, त्यामुळे दोन सुयांवरच्या विणकामासारखी टाके गळण्याची भीती नसते. दोरा ओढायचा, चुकीपर्यंत यायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

हमखास होणाऱ्या चुका

सर्वांत जास्त वेळा सुई चुकीच्या भोकात जाते. व्हीच्या पोटातही एक भोक असतं आणि दोन व्हींच्या मध्येही असतं. दोन्ही एकेका साखळीचे, त्यामुळे वरून सारखेच दिसतात. ओळखायचं खालून. ज्या भोकाच्या दोन्ही बाजूंचे खांब खाली एकाच जागी मिळतात ते व्हीचं पोट, तिथे काही विणायचं नाही. ज्याच्या बाजूचे खांब खाली एकमेकांपासून लांब आहेत, तो आपला गाळा. पहिल्या दहा ओळी दिवसाच्या उजेडात विणा आणि शक्यतो फिकट रंग घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीवर ही जाळी शिकायला बसू नका.

दुसरी चूक कडेला होते. शेवटचा खांब राहून जातो, किंवा तिसऱ्याऐवजी चौथ्या साखळीत घातला जातो. मग एक कड ताठ आणि दुसरी नागमोडी दिसते. ओळीच्या शेवटी व्ही, मग साखळी, मग खांब, असं मनात म्हणा.

तिसरी शिरेची. पिन एका ओळीत सरकवायची राहिली की शीर एका गाळ्याने बाजूला जाते, आणि ते चार-पाच ओळींनंतरच लक्षात येतं. म्हणून विणताना शाल अधूनमधून मधोमध घडी घालून पाहा. दोन्ही पंख जुळायला हवेत.

आठ ओळी झाल्या की थांबा. हाच तुमचा नमुना, वेगळा चौकोन विणायची गरज नाही. सुईवरचा फास लांब ओढून त्यात पिन अडकवा, तुकडा ओला करा, हलकेच ताणून पंच्यावर वाळवा. मग शिरेवरून उंची मोजा. १३ ते १४ सेंटिमीटर भरली तर हात योग्य आहे. ११ भरली तर हात घट्ट आहे, आताच्यापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड सुई घेऊन पुन्हा सुरू करा. एवढ्या लहान तुकड्यावर हे समजलं तर तासाभराचंच काम वाया जातं. तिसाव्या ओळीवर समजलं तर जीव हळहळतो.

किती ओळी, किती दोरा

एका ओळीची उंची, तिरक्या शिरेवरून न मोजता खांबाच्या उभ्या दिशेने मोजलेली, साधारण १.२ सेंटिमीटर धरा. ३६ ओळींत पंख ते पंख सव्वाशे सेंटिमीटरची, गळ्याभोवती घ्यायची छोटी शाल होते. ४४ ओळींत दीडशे सेंटिमीटरची, खांद्यांवरून नीट घेता येईल अशी. ५० ओळींत १७० च्या आसपास. शेवटी येणाऱ्या पंख्यांच्या किनारीसाठी ओळींची संख्या सम असायला हवी, एवढं लक्षात ठेवा. मी ४४ गृहीत धरून पुढे लिहिते.

त्रिकोण वाढत जातो, तसा दोराही वाढत्या वेगाने संपतो. ४४ ओळींत एकूण १,९८० व्ही येतात. पहिल्या १० ओळींत त्यांतले फक्त ११० होतात. ३१ ओळी संपतात तेव्हा ९९२ झालेले असतात, म्हणजे निम्मं काम. शेवटच्या १३ ओळींत उरलेलं निम्मं. अनेकींना तिसाव्या ओळीला वाटतं की आता थोडंच राहिलं आणि गुंडा अजून बराच आहे. तेव्हा गुंडा काट्यावर ठेवा. तिसाव्या ओळीनंतर प्रत्येक ओळीआधी आणि नंतर वजन केलं की एका ओळीला किती ग्रॅम लागतात ते कळतं. किनार आणि वरची कड यांच्यासाठी शेवटच्या जाळीच्या ओळीला लागेल त्याच्या निदान चौपट दोरा राखून ठेवा.

नुसती जाळी विणून कंटाळा आला तर एक सुंदर बदल करता येतो. दर दहा ओळींनंतर दोन ओळींत व्हीऐवजी प्रत्येक गाळ्यात ३ खांब घाला. रुंदी तेवढीच राहते, गणित बिघडत नाही आणि जाळीमध्ये भरीव पट्टा उठून दिसतो. असे दोनच पट्टे करा. जास्त केले तर शाल जड होते.

नवा गुंडा शक्यतो कडेलाच जोडा. गाठ मारू नका, ती जाळीतून दिसते आणि मानेला टोचते. दोन्ही टोकं १५ सेंटिमीटर लांब सोडा, ती शेवटी सुईने आत गुंफायची आहेत.

पंख्यांची किनार

४४ वी ओळ संपवून काम उलटवलं की: १ साखळी, कडेच्या खांबाच्या डोक्यावर १ मुका खांब. कडेच्या गाळ्यात ७ खांब, हा झाला पंखा. पुढच्या गाळ्यात १ मुका खांब. त्यापुढच्या गाळ्यात पुन्हा पंखा. असं एकाआड एक करत शिरेपर्यंत या. शिरेच्या लगेच आधीच्या गाळ्यात मुका खांब यायला हवा. पंखा आला तर मागे कुठेतरी गाळा सुटला आहे. शिरेच्या गाळ्यात ९ खांबांचा मोठा पंखा घाला आणि दुसऱ्या बाजूला मुक्या खांबापासून तोच क्रम चालू ठेवा. शेवट कडेच्या गाळ्यातल्या पंख्याने आणि तिसऱ्या साखळीतल्या मुक्या खांबाने. एकूण पंखे ४५ भरतील.

पंख्यांना टोक हवं असेल तर पिको करा: चौथा खांब झाला की ३ साखळ्या घाला आणि त्याच खांबाच्या डोक्यात स्लिप स्टिच करा, मग उरलेले तीन खांब. शिरेच्या पंख्यात हे पाचव्या खांबावर. साडीला फॉल-पिको करतो त्यातला पिको तो हाच शब्द. मला पिको असलेली किनार जास्त आवडते, कारण वाळवताना टाचणी लावायला नेमकी जागा मिळते.

दोरा तोडू नका. शाल वळवून वरच्या सरळ कडेवर या आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला ३ मुके खांब घालत दुसऱ्या टोकापर्यंत जा. हात इथे सर्वांत सैल हवा. वरची कड आवळली गेली की त्रिकोणाचे पंख वर वळतात, आणि मग कितीही ताणलं तरी ते सरळ होत नाहीत.

धुणं आणि ताणून वाळवणं

आता जे हातात आहे ते सुरकुतलेलं आणि अपेक्षेपेक्षा लहान दिसेल. निराश होऊ नका. जाळी दिसायला लागते ती इथून पुढे. याला ब्लॉकिंग म्हणतात आणि ते टाळू नये असं मी प्रत्येकीला कळकळीने सांगते. इतके दिवस विणलेलं काम ब्लॉकिंगच्या एका दिवसासाठी अर्धवट सोडू नका.

बादलीत साधं गार पाणी, त्यात रिठ्याचं गाळलेलं पाणी किंवा इझीसारखं लोकरीचं सौम्य द्रावण. शाल २० मिनिटं नुसती बुडवून ठेवा. चोळणं, गरम पाणी, वॉशिंग मशीन, यांतलं काही नको, लोकर त्याने आटून घट्ट होते. स्वच्छ गार पाण्यातून काढा. दोन्ही हातांवर पूर्ण वजन तोलून उचला, एका टोकाला धरून कधीच नाही. पिळू नका. मोठ्या टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करा आणि तिच्यावर दाबा, म्हणजे पाणी निघून जातं.

गादीवर किंवा दोन-तीन सतरंज्यांवर कोरडी चादर अंथरा. गुळगुळीत सुती दोरा सुईत ओवून वरच्या सरळ कडेतून दर दोन-तीन सेंटिमीटरवर काढा आणि त्याची दोन्ही टोकं ताणून खाटेच्या पायांना किंवा जड टेबलांना बांधा. वरची कड एकदम सरळ होते, तिथल्या टाचण्या वाचतात. मग शिरेचं टोक खाली ओढून टाचणी लावा. शिरेची लांबी वरच्या कडेच्या निम्मी हवी: कड १६० सेंटिमीटर असेल तर शीर ८०. त्यानंतर पंख्यांच्या टोकांना एकेक टाचणी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. गंजाचा ठिपका लोकरीवरून जात नाही.

विजेचा पंखा लावून पूर्ण वाळू द्या. उन्हात नको. डिसेंबरात एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. हाताला कोरडी लागली तरी आणखी काही तास थांबा. किंचित ओलसर असताना टाचण्या काढल्या तर शाल पुन्हा आकसते. टाचण्या काढल्यावर सुटी टोकं बोथट सुईने खांबांच्या आत गुंफा आणि मगच कापा.

ॲक्रिलिकचं ब्लॉकिंग वाफेने होतं. कोरडी शाल टाचून घ्या, वाफेची इस्त्री तीन-चार सेंटिमीटर उंच धरून फक्त वाफ सोडा आणि गार होईपर्यंत हलवू नका. इस्त्री टेकली तर धागा वितळतो. वाफेने ॲक्रिलिक कायमचं मऊ आणि लोंबतं होतं, ते परत पूर्वीसारखं होत नाही, म्हणून आधी आठ ओळींच्या वेगळ्या तुकड्यावर करून पाहा.

शाल हँगरला लावू नका, घडी करून सुती कापडात ठेवा. लोकरीची असेल तर सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला, आणि पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून वेगळ्या रेषांवर घडी घाला. उरलेल्या लोकरीतली पाच-सहा मीटर पुठ्ठ्यावर गुंडाळून त्याच कापडात ठेवा. कधी बांगडीत किंवा मंगळसूत्रात जाळी अडकून एखादा खांब तुटला, तर त्याच रंगाचा दोरा हाताशी असेल.